गळतीची साप्ताहिक सुट्टी

फुस्स्स.

आमच्या घरात रोज सकाळी सात वाजता चार मिनिटांची शांतता असते आणि ती या आवाजानं मोडते. त्या चार मिनिटांत नळ सोडायचा नाही, चमचा आपटायचा नाही, शिंक आली तर गिळायची. बाबा, म्हणजे माझे सासरे, सासूबाईंचं ब्लडप्रेशर घेत असतात. सासूबाई खुर्चीत, हात टेबलावर, दंडाला पट्टा. बाबा रबरी फुगा दाबत जातात आणि चष्म्यावरून, चष्म्यातून, चष्म्याखालून अशा तिन्ही वाटांनी तबकडीवरच्या काट्याकडे बघतात. शेवटी बारीकसा स्क्रू पूर्ण सैल करतात आणि पट्ट्यातली उरलेली हवा सुटते.

"फुस्स झालं!" टेबलाखालून माझी चार वर्षांची मुलगी ओरडते. एवढं एक वाक्य बोलायला मिळावं म्हणून ती चार मिनिटं तोंडावर दोन्ही हात ठेवून बसते. बाकी दिवसभर ते हात तोंडापाशी फिरकत नाहीत. तिला ठिणगी हे नाव बाबांनीच ठेवलंय.

"किती?" सासूबाई विचारतात.

"एकशे अठ्ठावीस, ऐंशी." बाबा वहीत लिहितात. "छान आहे. पण काल खारे दाणे खाल्लेस."

"मी? मला दाण्यांची चवसुद्धा आठवत नाही आता."

"मग शिवणयंत्राच्या खणात फोलपटं कुठून आली?"

"उंदीर असेल."

"उंदीर फोलपटं पुडीत बांधून ठेवतो?"

"या घरात राहून शिकला असेल बिचारा."

बाबा वहीत 'उंदीर' असंही लिहितात. त्यांना कुठलीही नोंद अर्धवट ठेवता येत नाही.

बाबा आमच्या गल्लीमागच्या सबस्टेशनमध्ये ऑपरेटर आहेत. एकतीस वर्षं झाली, रिटायर व्हायला पाच आठवडे राहिलेत. मी त्याच कंपनीत, टेस्टिंग विभागात. आठ सबस्टेशनची मीटर आणि गेज माझ्या वाट्याला आहेत, त्यांतलं एक बाबांचं. घरी ते मला "अगं" म्हणतात. सबस्टेशनच्या फाटकातून आत गेलं, की "मॅडम". मी पहिल्यांदा तिथं "बाबा" म्हटलं, तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "इथं बाबा कुणी नाही. ऑपरेटर आहे. मॅडम, हेल्मेट."

कंपनीत त्यांना सगळे झीरोकाका म्हणतात. त्याचं कारण यार्डातला नंबर दोनचा ट्रान्सफॉर्मर.

हा नंबर दोन म्हणजे खोलीएवढा लोखंडी डबा. आत तारांची वेटोळी, ती तेलात बुडलेली, आणि तेलाच्या वर थोड्या जागेत कोरडा वायू भरलेला. डबा चारी बाजूंनी सीलबंद. बाहेर माणसाच्या उंचीवर एक गेज. तबकडीच्या मधोमध शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. दिवसा तेल तापून फुगलं, की काटा उजवीकडे जातो. पहाटे थंडावून आकसलं, की डावीकडे येतो. आपण श्वास घेताना पोट वरखाली होतं, तसंच. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा, अशा दोन वेळा ऑपरेटरनं काटा बघून वहीत लिहायचं.

बाबांच्या वहीत नंबर दोनच्या रकान्यात शून्य असतं. सकाळी शून्य, संध्याकाळी शून्य. एकसारखी, गोल, सुबक शून्यं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं उत्कृष्ट नोंदवहीचं प्रशस्तिपत्र दिलं, ते कंट्रोल रूममध्ये चौकटीत लावलंय. साहेबांपासून सगळ्यांनी ती शून्यं बघून मान डोलावली होती. खरं सांगायचं तर मीही डोलावली होती. प्रेशर नाही म्हणजे काळजी नाही, असं कुणालाही वाटतं. सून म्हणून तर जरा जास्तच वाटतं.

मंगळवारी तेलाच्या वार्षिक तपासणीचे कागद आले. नंबर दोनच्या तेलातला ओलावा दर वर्षी थोडा थोडा चढत होता, यंदा तो मर्यादेबाहेर गेला होता. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पाणी म्हणजे आज ना उद्या आतल्या आत स्फोट. नंबर दोनवर अर्धं गाव, पाण्याचे पंप आणि हॉस्पिटल चालतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर इतके खूश झाले, की मी जिना उतरेपर्यंत आणखी दोघांना तो सांगून झाला होता. मग वरून वाकून म्हणाले, "सोमवारी कारण लेखी हवं. कारण कळल्याशिवाय तेल सुकवून उपयोग नाही, पुन्हा ओलं होईल. आणि हे बघ, झीरोकाकांच्या वहीला धक्का लावू नकोस हं. ती आपली शान आहे."

आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात, आणि ती मला चार वर्षांनी, जिन्याच्या मधल्या पायरीवर आठवली. सीलबंद डब्याचा काटा हलायलाच हवा. हलत नसेल तर एक तर गेज मेलंय, नाही तर डब्याला भोक आहे.

गुरुवारी साहेबांची परवानगी काढून दोन तास नंबर दोन बंद करून घेतला. आधी गेज उतरवलं. हातपंपानं दाब दिला, तर काटा कसा, लहान मुलानं हाक ऐकून धावत यावं तसा पाचवर आला आणि सोडल्यावर शून्यावर परत गेला. गेज ठणठणीत होतं. म्हणजे भोक.

मी वायूचा दाब तीनवर नेऊन ठेवला आणि साबणाचा फेस आणि ब्रश घेऊन शिडीवर चढले. गळती असली तर तिथं बुडबुडा येतो. बाबा खाली शिडी धरून.

"मॅडम, ट्रान्सफॉर्मरची दाढी करताय का?"

"ऑपरेटर, शिडी हलतेय."

"शिडी नाही हलत, मॅडम हलतायत. सकाळी एकच पोळी खाल्ली मॅडमनी. माझ्या लक्षात आहे."

"इथं बाबा कुणी नाही म्हणाला होतात ना?"

"ऑपरेटरनंही बघितलं असेल."

एकेक बोल्ट, एकेक जोड, रबराची प्रत्येक कड. कुठे एक बुडबुडा येईल तर शपथ. दीड तासानं खाली उतरले तर काटा तीनवरच. केसभरही हलला नव्हता. डबा इतका घट्ट, की मला रडू यायचं बाकी होतं.

बाबांचं लक्ष मात्र डब्याकडे नव्हतं. ते गेजसमोर उभे राहून हाताची बोटं मोडत होते.

"किती वेळ ठेवणार असं तीनवर? उतरवा आता."

"बाबा, तीननं काही होत नाही त्याला. त्याला आठपर्यंत चालतं."

"चालतं, चालतं," ते पुटपुटले. "डॉक्टरही असंच म्हणाले होते."

मी हातपंप पुसत होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

शनिवारी दुपारी ठिणगी झोपली. तिची झोप पन्नास मिनिटांची असते आणि माझ्या आयुष्यातली सगळी महत्त्वाची कामं त्या पन्नास मिनिटांत उरकतात. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाच वर्षांच्या पाच नोंदवह्या मांडल्या. त्या घरी आणायला बाबांनी माझी तीन ठिकाणी सही घेतली होती.

शून्य, शून्य, शून्य. मी बोट फिरवत गेले. आणि मग एका बुधवारी सकाळी, वाकड्यातिकड्या अक्षरात, उणे तीन. पुढच्या बुधवारी, उणे अडीच. त्याच्या पुढच्या बुधवारी, पुन्हा उणे तीन.

बुधवार हा बाबांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी बदली ऑपरेटर येतो. त्याला सगळे चष्मा म्हणतात, कारण तो चष्मा विसरल्याशिवाय कुठे जात नाही. त्याच्या नोंदी कुणी मनावर घेत नाही. खुद्द बाबांनीच दोनतीन ठिकाणी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'चष्मा?'

मी त्याला फोन लावला.

"हे बुधवारचे मायनस तीन. लिहिताना चष्मा होता का डोळ्यांवर?"

"वहिनी, माझ्यावर संशय घ्या, काट्यावर नका घेऊ. तो मायनसलाच होता."

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी. झीरोकाका म्हणतात तुझी नजरच मायनस आहे. मोठे आहेत, म्हणून मी गप्प बसतो."

फोन ठेवला आणि वहीकडे बघत बसले. गुरुवार ते मंगळवार डबा गळतो. बुधवारी अजिबात गळत नाही. गळतीला साप्ताहिक सुट्टी असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी उलटी चालत गेले, वहीमागून वही, पहिलं शून्य शोधत. ते पाचव्या वहीत सापडलं. त्याच्या आदल्या पानापर्यंत सगळं जसं असायला हवं तसं होतं. सकाळी उणे दीड, संध्याकाळी अधिक दोन, अक्षर बाबांचंच. मग काही दिवस बदली ऑपरेटरचं अक्षर, आणि मग एका गुरुवारी, पुन्हा बाबांच्या अक्षरात, एकदम, शून्य.

ती तारीख मी विसरणं शक्य नव्हतं. मला सातवा महिना होता. आदल्याच दिवशी आम्ही सासूबाईंना हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं. स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता त्या खाली बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. महिनाभर आधी प्रेशर जरा वाढलेलं निघालं, तेव्हा गल्लीतले डॉक्टर 'या वयात एवढं चालतं' म्हणाले होते. हॉस्पिटलात बाबांनी काटा दोनशे दहावर बघितला. ते डॉक्टरांच्या मागे मागे फिरत होते, "मी काय करू? मला सांगा, मी काय करू?" डॉक्टर तसे भले होते, पण घाईत होते. म्हणाले, "काका, तुम्ही काही करू नका. तुम्ही बाहेर बसा."

बाबा नऊ दिवस बाहेर बसले. काट्यांवर नजर ठेवून अर्ध्या गावाची वीज सांभाळणारा माणूस, बाकावर, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"ते आमचे दाणे कुठे ठेवलेस गं?"

मी दचकले. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांचा डावा पाय अजून जरा ओढतो, तरी त्या घरात मांजरासारख्या फिरतात, विशेषतः डबे ठेवलेल्या कपाटाकडे.

"आई, बाबांनी बंदी घातलीये."

"त्यांनी घातलीये ना? तू कुठे घातलीयेस?"

मी चार दाणे दिले. त्यांनी हात तसाच पुढे ठेवला. मी आणखी चार दिले.

"आई, हॉस्पिटलमधून आलात तेव्हाचं आठवतं? बाबा तेव्हा कसे होते?"

"कसे म्हणजे? वेड लागलं होतं. पहिल्या दिवशी अकरा वेळा पट्टा बांधला. अकरा! हात काळानिळा झाला माझा. म्हटलं, आजारानं नाही, तुमच्या पट्ट्यानं जाईन मी." त्यांनी एक दाणा दाताखाली घेतला. "दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले आणि संध्याकाळी आले ते एकदम शांत होऊन. तेव्हापासून सकाळी एकदा, रात्री एकदा. मला वाटलं, डॉक्टरांनी फटकारलं असेल."

इतक्यात ठिणगी उठून आली, एका हातात कापडी हत्ती. बाबांचा पट्टा टेबलावरच होता. तिनं तो हत्तीच्या पोटाला गुंडाळला आणि बाबांचा चेहरा करून काट्याकडे बघायला लागली. हनुवटी आत, भुवया वर. सासूबाई खुदकन हसल्या.

"हत्तीला काय झालं?" मी विचारलं.

"प्रेशर. थांब, बोलू नको. फुस्स! झालं. आता मोठ्या डब्याचं."

"कुठल्या मोठ्या डब्याचं?"

"आजोबांच्या. तेलवाल्या." तिला माझ्या अज्ञानाची कीव आली. "त्याला पण प्रेशर असतं ना. छोटीशी चावी असते. संध्याकाळी फिरवली की हवा बाहेर येते, सकाळी फिरवली की आत जाते. आजोबा म्हणाले, एवढा मोठा डबा आणि कुणालाच त्याची काळजी नाही."

सासूबाईंच्या हातातला दाणा हातातच राहिला. त्यांना ओलाव्याचं, तेलाचं काही माहीत नव्हतं. पण त्यांना बाबा माहीत होते.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या.

गेजच्या नळीवर एक पितळी कॉक असतो, वायू भरायचा किंवा काढायचा झाला तर उघडायला. वर्षाकाठी एकदा लागला तर लागला. बाबा तो रोज दोनदा उघडत होते. संध्याकाळी दाब चढलेला दिसला, की सोडून द्यायचे. सकाळी काटा उणेवर दिसला, की पुन्हा उघडायचे, आणि आत ओढली जायची बाहेरची हवा, दव पडलेल्या यार्डातली. चार वर्षं. बुधवार सोडून.

कारण सापडलं होतं. ते त्या वेळी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन घोरत होतं.

मी नवऱ्याला फोन केला. तो लांबच्या मार्गावर बस चालवतो, त्याचा जेवणाचा थांबा होता. सगळं सांगितलं आणि विचारलं, बाबांना कसं सांगू?  तो म्हणाला, "हॅलो? हॅलो? बोगदा आलाय गं," आणि फोन कट झाला. त्याच्या मार्गावर एकही बोगदा नाही, आणि बस तर उभीच होती.

न सांगण्याचीही एक वाट होती, ती मी रात्रीच्या जेवणापर्यंत मनातल्या मनात चालून बघितली. 'कॉक सैल आढळला. घट्ट केला.' एका ओळीचा रिपोर्ट. साहेब खूश, चौकट भिंतीवर, पाच आठवड्यांनी बाबांना निरोप, भाषणं, झीरोकाका अमर. पण बाबा सोमवारी संध्याकाळी पुन्हा कॉक उघडणार. आणि त्यांच्यानंतर येणारा, त्यांच्या हाताखाली शिकलेला कुणी, शून्य म्हणजेच चांगलं असं समजून उघडतच राहणार. आणि ठिणगीच्या बालवाडीतला पंखा, सासूबाई होत्या ते हॉस्पिटल, सगळं त्याच डब्यावर.

रविवारी सकाळी पावणेनऊला मी यार्डात गेले. बाबा थर्मासमधला चहा पीत होते.

"मॅडम? रविवारी?"

"मॅडम नाही, सून आलीये."

"मग हेल्मेटची गरज नाही." मग लगेच, "नको, घाल घाल. डोकं तेच आहे."

नऊ वाजले. त्यांनी रुमालानं गेजची काच पुसली, अगदी चष्मा पुसतात तशी. एक टिचकी मारली. काटा उणे अडीचवर होता. त्यांचा हात आपसूक कॉककडे गेला.

"बाबा, थांबा."

"का?"

"आता काय ऐकू येईल?"

त्यांना वाटलं मी ठिणगीचा खेळ खेळतेय. हसले. "फुस्स."

"हवा कुठून कुठे जाईल?"

"आत. मायनस आहे ना. एवढंही..." ते थांबले.

"रात्री धुकं होतं," मी म्हटलं.  "बघा ना, हँडलवर अजून थेंब आहेत."

बाबांनी हँडलकडे बघितलं. मग गेजकडे. मग कॉकवरच्या स्वतःच्या बोटांकडे. एकतीस वर्षं तेलात पाण्याचा अंश जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस. त्याला पुढचं सांगायची गरज नव्हती. त्यांनी चटका बसावा तसा हात काढून घेतला.

मग रुमालानं हँडलवरचे थेंब पुसले, एकेक करून.

"संध्याकाळचं महत्त्वाचं वाटायचं," अखेर ते म्हणाले. "ते बाहेर यायचं ना. बरं वाटायचं. सकाळचं मी नुसतं... काटा वाकडा दिसायचा, म्हणून सरळ करायचो. सकाळचं कधी डोक्यातच आलं नाही."

"बाबा, माझ्याही नाही आलं. चार वर्षं मी तुमच्या वहीवर सही करतेय."

"तू लहान आहेस."

"मी टेस्टिंगला आहे."

"म्हणजे लहानच." त्यांनी नाक ओढलं. "कुणाकुणाला कळलंय?"

"मला. आईंना. आणि ठिणगीला."

"ठिणगीला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

ते जवळजवळ हसले, पण हसू ओठांपर्यंत येऊन परत गेलं. "काय लिहिणार आहेस उद्या?"

मी पाठ केलेलं बोलले. "कॉक सैल होता, असं लिहिता येईल. पुढे तुम्ही हात लावला नाहीत म्हणजे झालं."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या खानदानाला काही बोलले होते.

"कॉक सैल? माझ्या यार्डात?"

"अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"दर महिन्याच्या एक तारखेला मी पाना लावून बघतो. इथला एक कॉक सैल दाखव, आत्ता नोकरी सोडतो. चार माणसांत सांगणार तू, झीरोकाकाच्या यार्डात कॉक सैल होता म्हणून? तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"मग काय लिहू?"

"तू काही लिहू नकोस. पेन आण."

त्यांनी वही उघडली. सकाळच्या रकान्यात 'उणे अडीच' लिहिलं. हाताला उण्याची सवय राहिली नव्हती, आडवी रेघ शेजारच्या रकान्यात घुसली. मग शेऱ्याच्या जागी, एकेक अक्षर कोरत: 'गेली चार वर्षे मी रोज दोन वेळा कॉक उघडून काटा शून्यावर आणत असे. त्यामुळे दमट हवा आत गेली. बुधवारच्या नोंदी बरोबर आहेत. कॉक घट्ट आहे.' शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली.

मग मागची पानं उलटून, खोडरबरानं, समासातले 'चष्मा?' एकेक करून पुसले.

सोमवारी साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही. बाबांना लेखी समज मिळाली, एकतीस वर्षांतली पहिली. ती त्यांनी प्रशस्तिपत्राच्याच फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावली. चौकट त्यांनी स्वतः भिंतीवरून उतरवली होती, पण साहेबांनी ती परत टांगायला लावली, आत त्या पानाची प्रत घालून. तशाच प्रती आठही सबस्टेशनमध्ये लागल्या. बाबांना वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की उण्याची रेघ जरा लांब आलीय.

पाच दिवस मशीन लावून तेल सुकवलं, नवा कोरडा वायू भरला. कॉकला मी तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलं. बाबा पक्कड धरून उभे होते. त्या संध्याकाळी काटा अधिक तीनवर गेला. त्यांनी बघितलं, लिहिलं, आणि मग दोन्ही हात खिशात घालून उभे राहिले, बराच वेळ.

त्या रात्री त्यांनी सासूबाईंना तीन वेळा पट्टा बांधला. सासूबाई एकदाही कुरकुरल्या नाहीत, हेच मला जरा खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात. नळ बंद, चमचे गप्प.

फुस्स्स.

"फुस्स झालं!"

"किती?" सासूबाई.

बाबांनी चष्मा पुसला. "एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी."

"उंदीर," सासूबाई चटकन म्हणाल्या. "काल उंदरानं जरा जास्तच खाल्ले."

बाबांनी वही ओढली, पण 'उंदीर' लिहिलं नाही. ठिणगी टेबलाखालून बाहेर आली. तिनं आजीच्या दंडावर पट्ट्याचा वळ होता तिथं बोट फिरवलं.

"आजोबा, आता मोठ्या डब्याचं फुस्स नाही करायचं?"

"नाही बाळा. आईनं चावी बांधून टाकली."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, हिशोब जुळत नसला की बघते तसं. मी आठ सबस्टेशनचे काटे तपासते, कुठला का हलतो ते सांगते, त्याखाली सही करते. समोर बाबा अजून रबरी फुगा हातात धरून बसले होते, आणि तेही माझ्याकडेच बघत होते.

"आई," ठिणगी म्हणाली, "आजोबा तिथं फुस्स करायचे म्हणूनच आजी बरी होती ना?"